छत्तीस अंशांचा तिढा

कप्तान कर्क खुर्चीत बसलेला असतो तेव्हा त्याचं तोंड जहाज जातंय त्या दिशेला असतं, की डावीकडे छत्तीस अंशांनी वळलेलं? ज्यांना हा प्रश्न पोरकट वाटेल त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण माझी सगळी नोकरी भोसरीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली. प्लॅन एक सांगतोय आणि एलिव्हेशन दुसरंच, असं दिसलं की मला स्वस्थ बसवत नाही. मग ते गिअरबॉक्सचं असो की तेविसाव्या शतकातल्या अंतराळयानाचं.

झालंय असं. ‘स्टार ट्रेक’ची मूळ मालिका अमेरिकेत 1966 ते 1969 चालली, आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आली, आणि 1979 पासून तिचे सिनेमे निघत गेले. त्यातल्या ‘एंटरप्राइज’ या यानाचं रूप ठरवलं मॅट जेफ्रीज यांनी. पुढे मोठी तबकडी, तबकडीच्या माथ्यावर छोटा घुमट, आणि घुमटात कप्तानाचं गोल दालन, म्हणजे ब्रिज. बाहेरून पाहिलं तर घुमटाच्या थेट पाठीमागे, जहाजाच्या मध्यरेषेवर, एक उभं नळकांडं चिकटलेलं दिसतं. बघणारा लगेच म्हणतो, ही लिफ्ट. आता आत या. ब्रिजचा सेट गोल, छत्तीस-छत्तीस अंशांच्या फाकी जोडून केलेला. लिफ्टचं दार कप्तानाच्या पाठीमागे खरं, पण सरळ पाठीमागे नाही. त्याच्या डाव्या खांद्यामागे, एक फाक सोडून. कॅमेऱ्याला कप्तान आणि दार एका चौकटीत हवे होते, म्हणून ते तिथे आलं. म्हणजे बाहेरचं ड्रॉइंग खरं मानलं तर आतलं खोटं, आणि आतलं खरं मानलं तर बाहेरचं.

मालिकेच्या लोकांनी यावर डोकं शिणवलं नाही. आठवड्याला एक भाग काढायचा होता. डोकं शिणवलं ते सॅन डिएगोच्या एका ड्राफ्ट्समनने. फ्रान्झ जोसेफ श्नॉबेल्ट हा विमानं बनवणाऱ्या कॉनव्हेअर कंपनीत आयुष्य काढलेला माणूस. नोकरी संपल्यावर घरी होता. मालिकेची चाहती होती ती त्याची मुलगी. तिची मित्रमंडळी मालिकेतली शस्त्रं, उपकरणं पुठ्ठ्या-लाकडात बनवत होती, ती या गृहस्थाच्या नजरेला पडली. मापं अंदाजे, रेषा अंदाजे. जन्मभर टॉलरन्स पाहिलेल्या माणसाला ते सहन होईना. त्याने मालिकेच्या फिल्मवरून मापं काढायला घेतली आणि बघता बघता अख्ख्या जहाजाचे मजल्यागणिक प्लॅन तयार केले. ते 1975 मध्ये प्रसिद्ध झाले: प्लास्टिकच्या पाकिटात बारा शीट, अमेरिकन नौदल आपल्या जहाजांचे जनरल प्लॅन ज्या पद्धतीने काढतं त्याच पद्धतीने. त्याच वर्षी ‘स्टार फ्लीट टेक्निकल मॅन्युअल’ हे पुस्तक आलं आणि अमेरिकेत धडाक्याने खपलं.

आणि छत्तीस अंशांचं काय? त्याने ब्रिजच फिरवला. लिफ्टचं दार नळकांड्यापाशी आणलं, त्यामुळे अख्खं दालन छत्तीस अंशांनी वळलं, आणि कर्क बिचारा कायमचा डावीकडे तोंड करून तारे पाहायला लागला.

माझ्या भाच्याने सॅन होजेहून ही शीट्स आणून दिली तेव्हा ब्रिजचा मजला मी आधी उघडला. पहिल्यांदा हसू आलं. मग हळूहळू आदर वाटायला लागला. या माणसाने कुठलाही पुरावा टाकून दिलेला नाही. बाहेरचं नळकांडं ठेवलंय, आतलं दार ठेवलंय, खुर्ची ठेवलीय. बळी गेलाय तो फक्त आपल्या समजुतीचा, की कप्तानाने सरळ पुढे बघायला हवं. ती समजूत पडद्यावर कुणीच कधी बोलून दाखवलेली नव्हती.

माझे चुलते आप्पा वाईचे. केवलानंद सरस्वतींनी जिथे मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले त्या प्राज्ञपाठशाळेच्या आसपास त्यांचं बालपण गेलं. स्वतः याज्ञिक. सुट्टीत गेलो की संध्याकाळी ते मला ‘अर्थसंग्रह’ हा मीमांसेचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्राचा, ग्रंथ शिकवायचे. मला त्यातलं संस्कृत निम्मं कळायचं, पण रीत पूर्ण कळायची, कारण ती आमच्याच धंद्याची होती. मीमांसकापुढे वेदवाक्यांचा ढीग आहे. एक वाक्य म्हणतं भाताने यज्ञ करा, दुसरं म्हणतं जवाने करा. दोन्ही वाक्यं प्रमाण. खोटं कुठलंच म्हणता येत नाही, आणि विचारायला जावं तर वेदाला कर्ताच नाही. मीमांसकांच्या मते तो अपौरुषेय. मग उरतं ते वाचणाऱ्याचं काम. दोन वाक्यं एकत्र नांदतील असा अर्थ शोधायचा. तो अगदीच सापडला नाही तर विकल्प: हे तरी करा, नाहीतर ते तरी करा. पण विकल्पाला मीमांसकांनी आठ दोष चिकटवून ठेवलेत. तो शेवटचा उपाय. आळशी माणसाचा पहिला उपाय तोच असतो, हे मात्र आप्पांचं भाष्य.

‘एंटरप्राइज’च्या ब्रिजवरून आज पन्नासएक वर्षं जे वाद चाललेत ते नीट ऐकले तर हेच पक्ष दिसतात. फ्रान्झ जोसेफचा पक्ष समन्वयाचा: दोन्ही वाक्यं शब्दशः घ्या आणि ब्रिज फिरवा. दुसरा पक्ष म्हणतो, कप्तान समोरच बघतो. ते नळकांडं लिफ्टचं नसून दुसऱ्याच कशाचं असेल, लिफ्ट घुमटाच्या आतून वर येते. म्हणजे एक वाक्य मुख्यार्थाने आणि दुसरं गौण अर्थाने. वेदात दर्भाच्या मुठीलाच यजमान म्हटलंय, तिथे मीमांसक हेच करतो. दर्भ म्हणजे माणूस नव्हे, यजमानासारखंच यज्ञ सिद्धीला नेण्याचं काम तो करतो म्हणून त्याला यजमान म्हटलं. तिसरा पक्ष म्हणतो, अहो, ती प्लायवुडची भिंत आहे आणि ते लाकडी मॉडेल आहे, दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या खोलीत बनवली, जुळतील कशाला?

तिसऱ्या पक्षाचं म्हणणं तथ्य म्हणून बिनतोड आहे. तरी मला ते उत्तर वाटत नाही. पोलिश तत्त्वज्ञ रोमान इनगार्डेन याने 1931 मध्ये साहित्यकृतीवर लिहिताना दाखवलं की कल्पित वस्तू कधीच पुरी भरलेली नसते; तिच्यात ठिकठिकाणी अनिश्चित जागा असतात. कादंबरीतल्या नायिकेच्या डाव्या पायाचं माप काय, याचं उत्तर लेखकाने दिलं नसेल तर ते कुठेच नाही. खऱ्या बाईच्या पायाचं माप कुणी घेतलं नसलं तरी ते असतं. इथपर्यंत मला मान्य. पण पडद्यावरच्या वस्तूची गंमत अशी की तिच्यात अनिश्चित जागांबरोबर अतिनिश्चित जागाही असतात, जिथे दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांना खातात. रिकामी जागा कुणीही भरेल. दोनदा भरलेली जागा सोडवायला मीमांसक लागतो.

रिकाम्या जागेचा एक मजेदार नमुना: चित्रीकरणासाठी बनवलेल्या ‘एंटरप्राइज’च्या मोठ्या मॉडेलची, सुमारे अकरा फुटांच्या, डावी बाजू कधी पुरी केलीच नव्हती. आतल्या दिव्यांच्या वायरी त्या बाजूने बाहेर काढल्या होत्या, म्हणून कॅमेरा उजवीकडे. डावी बाजू चाहत्यांच्या मनात आणि त्यांनी काढलेल्या ड्रॉइंगमध्येच पूर्ण झाली. तिच्याबद्दल भांडण नाही, कारण तिच्याविरुद्ध बोलणारं वाक्यच नाही.

मीमांसेच्या पहिल्या अध्यायातल्या स्मृतिपादात नेमका हा फरक केलेला आहे. स्मृती म्हणजे माणसांनी आठवणीतून लिहिलेलं, श्रुती म्हणजे वेद. स्मृती श्रुतीच्या विरोधात गेली तर सोडून द्या. विरोध नसेल तर असं धरून चाला की तिच्यामागे एखादी श्रुती होती, आज ती आपल्याला मिळत नाही एवढंच. हा दुसरा भाग मला फार उदार वाटतो. फ्रान्झ जोसेफने जहाजाच्या पोटात बोलिंगची गल्ली काढली. पडद्यावर ती कधी दिसली नाही. पण नाही असंही कुणी म्हटलं नाही. चारशे तीस माणसं वर्षानुवर्षं एका डब्यात फिरतायत, त्यांना खेळायला काहीतरी हवंच. वाचणारा ते शीट बघतो आणि त्याच्या मनात ती गल्ली पहिल्यापासून तिथे होती असं होऊन जातं. न मिळालेल्या श्रुतीचं अनुमान ते हेच.

मीमांसेचे भाष्यकार शबरस्वामी इथे एक उदाहरण देतात ते मला नेहमी आठवतं. सोमयागात उंबराचा एक खांब असतो, त्याला हात लावून सामगान करायचं असं श्रुती सांगते. एका स्मृतीत मात्र येतं की सबंध खांब कापडाने गुंडाळायचा. सबंध गुंडाळला तर हात खांबाला कसा लागणार? तेव्हा ही स्मृती अप्रमाण. आणि मग शबर शांतपणे पुढे म्हणतात, ही स्मृती आली कुठून याचं कारणही दिसतंय: कापड कुणाला तरी हवं होतं. दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस ऋत्विजांच्या लोभाबद्दल इतकं स्वच्छ लिहून जातो.

हा कापडाचा नियम फिल्म कंपन्यांना लावला की मोठी पंचाईत होते, कारण इथे लोभ श्रुतीतच शिरलाय. मालिकेतलं छोटं यान, ‘गॅलिलिओ’, घ्या. ते पूर्ण आकाराचं बनवायला स्टुडिओकडे पैसे नव्हते. प्लास्टिकची मॉडेल-किटं विकणाऱ्या एएमटी कंपनीने ते बनवून दिलं, बदल्यात किट विकण्याचे हक्क घेतले. बाहेरून ते इतकं बुटकं झालं की आतल्या सेटमध्ये आरामात उभी राहणारी माणसं त्यात उभी राहूच शकत नाहीत. आत मोठं, बाहेर लहान. चाहत्यांनी त्याचीही ड्रॉइंगं केली: कुणी बाहेरचं कवच वाढवलं, कुणी आतलं छत खाली घेतलं. मी कवच वाढवणाऱ्यांच्या बाजूचा. माणसाचं डोकं छताला लागत नाही हे आपण डोळ्यांनी पाहिलंय; कवचाची लांबी किती, हे मात्र कुणीतरी आपल्याला सांगितलेलं आहे.

आप्पांना ही तुलना आवडली नसती असं कुणाला वाटेल. त्यांना मी ती सांगितली होती. ते म्हणाले, “अरे, तुझ्या त्या विमानाने पाऊस पडतो का? स्वर्ग मिळतो का? मग त्याला प्रमाण कशाला हवं?” हा आक्षेप मोठा आहे. मीमांसकाच्या लेखी वेदाचं सार विधीत आहे, ‘हे कर’ म्हणण्यात. नुसतं ‘हे असं आहे’ सांगणारी वाक्यं म्हणजे अर्थवाद. ती विधीच्या पदराला धरून चालतात. सिनेमा तर सगळाच ‘हे असं आहे’. त्यातून करायचं काय?

माझं उत्तर त्यांना पटलं नाही, पण मला अजून पटतं. चित्र आणि ड्रॉइंग यात फरक आहे. चाहते ‘एंटरप्राइज’ची सुंदर रंगीत चित्रं काढतात, मागे शनीची कडी, खाली निळा ढग, ती बघायची आणि सोडून द्यायची. ड्रॉइंग तसं नसतं. ड्रॉइंगच्या प्रत्येक रेषेत आज्ञार्थ असतो: इतकं काप, इथे भोक पाड, यापुढे जाऊ नकोस. शॉप फ्लोअरवरचा माणूस ड्रॉइंगचं कौतुक करत नाही, ते पाळतो. फ्रान्झ जोसेफने पडद्यावरच्या ‘आहे’चं ‘कर’ केलं. आणि लोकांनी केलंही. त्याच्या मॅन्युअलच्या आधारावर 1979 मध्ये ‘स्टार फ्लीट बॅटल्स’ हा पटावरचा युद्धखेळ निघाला. त्याच वर्षीच्या पहिल्या सिनेमात एका अंतराळ ठाण्याच्या रेडिओवर जहाजांची नावं आणि क्रमांक ऐकू येतात, त्यातली काही थेट या मॅन्युअलमधली आहेत. एका निवृत्त माणसाने घरी बसून काढलेली जहाजं मूळ ग्रंथात जाऊन बसली. स्मृतीची श्रुती झाली म्हणा ना.

मग कर्ता जागा झाला. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांचं आणि फ्रान्झ जोसेफचं पुढे बिनसलं, आणि मॅन्युअलमधल्या गोष्टी अधिकृत जगात धरल्या जाईनात. त्याने एका इंजिनाचं टेहळणी जहाज काढलं होतं, तीन इंजिनांचं अवाढव्य युद्धनौकेसारखं जहाज काढलं होतं. पुढे नियम आला की इंजिनं नेहमी जोडीनेच असतात. ही जहाजं एका फटक्यात अशक्य झाली.

इथे नैयायिक आणि मीमांसक यांचा जुना तंटा उभा राहतो. नैयायिक म्हणतो, वेद प्रमाण आहे कारण त्याचा कर्ता ईश्वर आहे, आणि तो विश्वासार्ह आहे. मीमांसक म्हणतो, कर्ता आला की त्याच्या चुका, त्याचे रागलोभ, त्याचं विसरणं सगळं आलं. त्यापेक्षा कर्ता नसलेला बरा. रॉडनबेरींकडे पाहून मला मीमांसकाचं म्हणणं पटतं. 1994 मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’ मालिकेच्या शेवटच्या भागात भविष्यातली ‘एंटरप्राइज’ दाखवली, तिला तीन इंजिनं. रॉडनबेरी तीन वर्षांपूर्वीच गेले होते. फ्रान्झ जोसेफही त्याच 1994 साली गेला. नियम कुणी मोडला? कुणीच नाही; ग्रंथाने आपलं वाक्य बदललं. आणि कर्त्याच्या नियमाला ग्रंथात आधार किती होता हे तेव्हा उघडं पडलं.

म्हणून सुसंगतीची जबाबदारी निर्मात्यांवर टाकणारे चाहते मला चुकीचे वाटतात. सिनेमावाले सुसंगत नसतात आणि नसणार. 2009 च्या सिनेमात इंजिनरूम म्हणून कॅलिफोर्नियातला बिअरचा कारखाना दाखवला, टाक्या आणि पाइप तसेच. ‘स्टार ट्रेक 5’ (1989, दिग्दर्शक खुद्द कर्कचं काम करणारे विल्यम शॅटनर) यात मंडळी लिफ्टच्या उभ्या बोगद्यातून वर उडत जातात, भिंतीवर मजल्यांचे आकडे दिसतात आणि ते चढत चढत अठ्ठ्याहत्तरपर्यंत जातात. जहाजाला मजले वीस-बावीस. शिवाय मजले मोजायचे वरून खाली, ब्रिज म्हणजे पहिला. इथे वर जाताना आकडे वाढतात. एक-दोन आकडे तर दोनदा येतात. या प्रसंगापुढे समन्वय हात टेकतो. इथे ‘हा अर्थवाद आहे’ एवढंच म्हणावं: वाक्य सांगतंय ‘खूप उंच’, आकडे सांगत नाहीये. मला ठाऊक असलेल्या एकाही चांगल्या ड्राफ्ट्समनने अठ्ठ्याहत्तर मजल्यांचं जहाज काढलेलं नाही.

पण समन्वयाचीही चटक लागते, आणि ती वाईट. क्लिंगॉन नावाचे परग्रहवासी मालिकेत साध्या कपाळाचे होते. 1979 च्या सिनेमात मेकअपला पैसे मिळाले तेव्हा त्यांच्या कपाळावर हाडांचे कंगोरे आले. सतरा वर्षं कुणी काही बोललं नाही. 1996 मध्ये पुढच्या एका मालिकेच्या भागात जुने आणि नवे क्लिंगॉन समोरासमोर आले तेव्हा नव्या क्लिंगॉनने एवढंच सुचवलं की हा आमच्या घरातला विषय आहे, परक्यांशी बोलत नाही. झकास उत्तर! प्रश्न मान्य केला आणि दार लावून घेतलं. 2005 मध्ये मात्र दोन भाग खर्चून सांगितलं की विषाणूमुळे कपाळं सपाट झाली होती. जुळलं सगळं. आणि मला काहीतरी गमावल्यासारखं झालं. प्लॅन-एलिव्हेशनचा तिढा आणि मेकअपच्या बजेटचा तिढा यांना एकच औषध लागू नये. पहिल्यात जागा आहे, माप आहे, भिंतीच्या अलीकडे-पलीकडे काय हे सांगावंच लागतं. दुसऱ्यात फक्त वेळ गेलेला आहे.

उलट टोकाची माणसंही भेटतात. त्यांना चाहत्यांनी काढलेलं काहीच नको. मूळ जसं होतं तसं द्या. ही ओढ मी परकी मानत नाही. शके 1506 मध्ये पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कुणी आपली ओवी त्यात घालू नये अशी तंबी दिली. ज्यांनी ओव्या घातल्या असतील ते काही शत्रू नव्हते. प्रेमानेच घातल्या असणार. पण नाथांनी शुद्धीकरण केलं ते प्रतींवरून, आणि प्रती राखल्या होत्या त्याही भक्तांनीच.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन हवाई व अंतराळ संग्रहालयात हेच झालं. ते अकरा फुटी मॉडेल 1974 मध्ये त्यांच्याकडे आलं. मधल्या काळात त्याची रंगरंगोटी झाली, 1991 च्या दुरुस्तीत तबकडीभर रेघा आणि मळकट छटा इतक्या ठळक आल्या की चाहते संतापले. काही वर्षं ते जहाज संग्रहालयाच्या भेटवस्तूंच्या दुकानात उभं होतं. मग 2014 पासून पुन्हा काम सुरू झालं आणि संग्रहालयाने लोकांना आवाहन केलं: तुमच्याकडे या मॉडेलचे जुने, दुरुस्त्यांच्या आधीचे फोटो असतील तर पाठवा. कुणी कधीकाळी गर्दीत उभं राहून काढलेले फोटो आले. त्यावरून रंग ठरले, खिडक्या ठरल्या. तबकडीच्या वरच्या बाजूचा साठच्या दशकातला मूळ रंग टिकून होता, त्याला हात लावला नाही. 2016 मध्ये जहाज मुख्य दालनात आलं.

पण मूळ म्हणजे कुठलं मूळ? तज्ज्ञांना तारीख ठरवावी लागली, आणि त्यांनी ठरवली ऑगस्ट 1967, मॉडेलमध्ये शेवटचे फेरफार झाल्यानंतरची स्थिती. त्याच्या अडीच वर्षं आधी, 1964 अखेर, हेच मॉडेल मालिकेच्या पहिल्या पायलटसाठी, म्हणजे नमुन्याच्या भागासाठी, स्टुडिओत आलं तेव्हा त्यात दिवेच नव्हते. खिडक्या नुसत्या रंगवलेल्या, इंजिनांची टोकंही वेगळी. ते जहाजही पडद्यावर आलेलं आहे, तेही प्रमाण आहे, आणि त्याच लाकडावर ते आता कधीच दिसणार नाही. पहिल्या पायलटवर जीव असलेले चाहते संख्येने थोडे आहेत, आणि त्यांचं म्हणणं असं की संग्रहालयाने विकल्प निवडला आणि त्याला शुद्धी म्हटलं. मी बऱ्याच बाजूंनी विचार केलाय. त्यांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.